वाचन उपक्रमाचे १४६० रुपये : पालक-शिक्षक संघास खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सदस्य,
पालक-शिक्षक संघ

सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी माझ्या मुलीच्या दप्तरातून एक छापील चिठ्ठी घरी आली. सहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचन उपक्रमासाठी सोबतच्या यादीतल्या सहा पुस्तकांचा संच घ्यावा, संचाची किंमत १४६० रुपये, रक्कम महिनाअखेरीपर्यंत वर्गात जमा करावी, असा मजकूर होता. खाली आपल्या संघाचा शिक्का होता.

मुलांनी वाचावं म्हणून शाळा काही करते आहे, याचा मला मनापासून आनंद आहे, हे आधी सांगते. यादीही चांगली आहे. सहापैकी दोन पुस्तकं मी स्वतः वाचली आहेत. माझं म्हणणं पुस्तकांबद्दल नाही, ती मुलांच्या हातात कशी येतात त्याबद्दल आहे. आणि हे मी मासिक सभेत दोन मिनिटांत न बोलता सविस्तर लिहून काढते आहे, कारण हा विषय फक्त आपल्या वर्गाचा नाही.

मी पतसंस्थेत रोखपाल आहे, त्यामुळे आकडा दिसला की हिशोब मांडल्याशिवाय मला राहवत नाही. वर्गात मुलं ४२. संच १४६० चा. म्हणजे ६१,३२० रुपये गोळा होणार आणि त्यातून एकूण २५२ पुस्तकं येणार. पण त्या २५२ पुस्तकांत वेगवेगळी पुस्तकं किती? सहा. तीच सहा पुस्तकं ४२ घरांत जाणार, दोन-तीन महिन्यांत वाचून होणार आणि मग कपाटावर नाहीतर रद्दीत. साठ हजारांवर रुपये खर्चून वर्गातल्या एकाही मुलाला सातवं पुस्तक मिळणार नाही.

चिठ्ठी आली त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट कळली. माझ्या मुलीच्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीने ती चिठ्ठी घरी दाखवलीच नाही. घडी घालून कंपासपेटीत, कोनमापकाच्या खाली ठेवून दिली. तिचे वडील भाड्याची रिक्षा चालवतात आणि या महिन्यात घरात आजीचं दवाखान्याचं चालू आहे. अकरा वर्षांच्या मुलीने स्वतःच ठरवलं की आत्ता बाबांना विचारायचं नाही. मग शुक्रवारी वर्गात पैसे न आणलेल्यांची नावं वाचली गेली. त्यात तिचं नाव होतं, आणि ती उभी राहिली. ज्या बाईंनी नावं वाचली त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, याची मला खात्री आहे. यादी वाचून दाखवणं हे त्यांचं रोजचं काम. पण वाचनाची सुरुवात जर अशी उभं राहून होणार असेल, तर त्या मुलीला पुस्तक म्हटलं की काय आठवेल, याचा आपण सगळ्यांनी विचार करायला हवा.

आता मुद्द्यावर येते. बाजारपेठेतून एसटी स्टँडकडे जाताना, जुन्या नगरपालिकेच्या मागे आपलं सार्वजनिक ग्रंथालय आहे. शाळेपासून चालत सात-आठ मिनिटं. तिथे बालविभागाची वर्गणी महिन्याला २० रुपये, अनामत १०० रुपये. अनामत सोडताना परत मिळते. मोठ्यांची वर्गणी ५० रुपये, त्यात एक पुस्तक आणि एक मासिक. आपल्यापैकी किती पालक तिथे सभासद आहेत, ते मी ग्रंथपाल बाईंना विचारलं. त्यांनी रजिस्टर चाळून सांगितलं, सहावीच्या ४२ घरांपैकी चार. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते याहून वेगळं काय?

मीही फार पुढची नाही. दीड वर्षापूर्वीपर्यंत मला ते ग्रंथालय म्हणजे निवृत्त माणसांनी पेपर वाचत बसायची जागा वाटायची. सासरे रोज सकाळी तिथे जातात. मुक्तद्वार विभागात बसून पाच पेपर वाचतात, त्याला सभासदही व्हावं लागत नाही. एका पावसाळी शनिवारी त्यांची छत्री द्यायला म्हणून गेले, मुलगी सोबत होती. ती बालविभागाच्या कपाटासमोर जी उकिडवी बसली, ती अर्धा तास उठेना. त्या दिवशी तिचं कार्ड काढलं, पुढच्या महिन्यात माझं.

त्या पहिल्या दिवशी तिने घेतलेलं पुस्तक ग्रहताऱ्यांवरचं होतं. कापडी बांधणी, कोपरे झिजलेले, आत जांभळ्या शाईत दाखल क्रमांक. किंमत १८ रुपये. मागच्या पानावर तारखांची चिठ्ठी असते ना, ती भरली की तिच्यावर दुसरी चिकटवतात. या पुस्तकात अशा चार चिठ्ठ्या एकावर एक होत्या आणि सगळ्यात खालच्या चिठ्ठीवरचा पहिला शिक्का १९८९ सालचा. रात्री मुलगी झोपल्यावर मी एकेक चिठ्ठी हलक्या हाताने उचलून शिक्के मोजले. ११३ निघाले. अठरा रुपयांचं पुस्तक ११३ वेळा कुणाच्या ना कुणाच्या घरी जाऊन आलं होतं, म्हणजे एका वाचनाला सोळा पैसे. मध्ये एकदा बांधणी करून घेतली असेल, तेही धरलं तरी रुपयाच्या आत.

शनीच्या पानावर छापलं होतं, ‘शनीला सतरा चंद्र आहेत.’ त्याच्या बाजूला कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘आता जास्त आहेत.’ त्याखाली वेगळ्या, लहान अक्षरात, ‘किती?’ माझ्या मुलीने तो प्रश्न दोन दिवस डोक्यात घेऊन शेवटी विज्ञानाच्या सरांना विचारला आणि शंभराच्या वर हे उत्तर घेऊन आली. ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहायचं नसतं हे तिला माहीत आहे, तरी तिने विचारलं, ‘आई, मी खाली उत्तर लिहू का गं?’ मी नाही म्हटलं, पण मला ते जड गेलं. विकत आणलेल्या कोऱ्या पुस्तकात असा कोण भेटणार होता तिला?

यातून एक खरं म्हणजे आपल्या ग्रंथालयातली काही पुस्तकं जुनी झाली आहेत. विज्ञान, भूगोल, सामान्यज्ञान या कपाटांत तर फारच. इंग्रजी गोष्टीची पुस्तकं थोडी आहेत. सोमवारी बंद असतं, दुपारी बारा ते चार बंद असतं. आपल्या यादीतल्या सहापैकी तीनच पुस्तकं तिथे आहेत, तीही एकेक प्रत. हे मी लपवत नाही, कारण त्यावरचा उपायही तिथल्याच टेबलावर आहे. काउंटरच्या डाव्या हाताला मागणी वही असते. मी तिच्यात मुलीसाठी दोन पुस्तकांची नावं लिहिली होती. तीन महिन्यांनी ग्रंथपाल बाईंनी स्वतः हाक मारून सांगितलं, ताई, तुमचं एक पुस्तक आलं. वही उघडून पाहिली तर वर्षभरात तिच्यात जेमतेम सव्वा पान भरलं होतं. आपण मागतच नाही, मग त्यांनी आणायचं काय?

आमच्या घरचा एका वर्षाचा हिशोब सांगते. माझी आणि मुलीची वर्गणी मिळून ८४० रुपये. दिवाळी अंक योजनेचे २५०. एकूण १०९०. त्यात मुलीने ५८ पुस्तकं आणली, मी आणि ह्यांनी मिळून ४६. प्रत्येक पुस्तकाची छापील किंमत मी वहीत लिहून ठेवत होते, ती बेरीज झाली १७,३४०. दिवाळी अंकांचं तर विचारूच नका. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरात फराळाच्या ताटाशेजारी अंक असायचा, पण आज एका अंकाला तीनशे-चारशे मोजून किती घरं तीन अंक घेतात? आम्ही अडीचशे रुपयांत २१ अंक वाचले. शेवटचा परत केला तो शिमगा उलटून गेल्यावर.

पण रोखपालाने फुगवलेला आकडा सांगू नये. ती सगळी पुस्तकं आम्ही विकत घेतलीच नसती, त्यामुळे १७,३४० वाचले असं म्हणणं खोटं ठरेल. सभासद होण्याआधीच्या वर्षी आमच्या घरात पुस्तकं आणि अंकांवर साधारण ४२०० रुपये गेले होते. तेव्हा रोख बचत तीन हजारांच्या आसपासची. बाकीची बचत म्हणता येणार नाही, ते एरवी झालंच नसतं असं वाचन आहे. आणि मला विचाराल तर त्याची किंमत त्या तीन हजारांहून मोठी आहे. ५८ पैकी निदान वीस पुस्तकं मुलीने पाच-सात पानं वाचून परत केली. आवडलं नाही तर बदलून आणायचं, बस्स. विकत आणलेलं पुस्तक आवडलं नाही की आपण मुलांना म्हणतो, पैसे खर्च केलेत, वाच आता. वीस रुपयांच्या कार्डावर मुलाला नावड कळते आणि नावडीतूनच आवड सापडते.

वाचलेल्या पैशांतून आम्ही चार पुस्तकं विकत घेतली, ती चारही आधी ग्रंथालयातून आणून वाचलेली होती. हे मुद्दाम लिहिते, कारण सगळेच ग्रंथालयात गेले तर पुस्तकविक्रेत्यांचं काय, असा प्रश्न एका पालकांनी मला विचारला. आमच्या घरात तरी ग्रंथालयाने पुस्तक खरेदी थांबवली नाही, चुकीची खरेदी थांबवली.

माझा भाचा स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. खासगी अभ्यासिकेत महिन्याला हजार रुपये भरत होता. खुर्ची, दिवा, पंखा आणि शांतता, याचे हजार. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर दीडशेत बसायला मिळतं आणि खाली संदर्भ विभागात विश्वकोश, गॅझेटियर, जुने पेपर आहेत. आता त्याने जागा बदलली आहे. तुमच्या थोरल्या मुलांसाठी हेही लक्षात असू द्या.

आता हे ग्रंथालय चालतं कसं, हे सांगितल्याशिवाय माझी विनंती पुरी होणार नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा. राज्यात शासनमान्य ग्रंथालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत, पण त्यांतली बहुतेक सरकारने काढलेली नाहीत. ती लोकांनी काढली आणि लोकांच्या संस्थाच ती चालवतात. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. तमिळनाडू किंवा कर्नाटकात मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर घेतला जातो आणि त्यातून ग्रंथालयं चालतात. आपल्या कायद्यात असा उपकर नाही. आपल्याकडे सरकार वर्गवारी बघून अनुदान देतं, अ, ब, क आणि ड. हा वर्ग ठरतो पुस्तकं किती, वर्गणीदार सभासद किती, वर्तमानपत्रं आणि नियतकालिकं किती येतात, किती तास उघडं असतं, यावर. आणि अनुदानाने सगळा खर्च भागत नाही, उरलेला वाटा वर्गणी आणि देणग्यांतून उभा करावा लागतो.

म्हणजे बघा, आपण सभासद नसतो तेव्हा ग्रंथालयाचे फक्त आपले वीस रुपये बुडत नाहीत. सभासद कमी झाले की वर्ग धोक्यात येतो, वर्ग गेला की अनुदान कमी, अनुदान कमी झालं की नवी पुस्तकं कमी, आणि नवी पुस्तकं नाहीत म्हणून पुढचा पालक दारातूनच परत फिरतो. आपल्या ग्रंथपाल बाई ज्या मानधनावर काम करतात तो आकडा मला माहीत आहे. तो इथे लिहिणं त्यांना आवडणार नाही. एवढंच सांगते की आपल्यापैकी अनेकांच्या घरी मुलांच्या एका शिकवणीला त्याहून जास्त जातात. एका वर्गातली ४२ मुलं सभासद झाली तर त्यांच्या टेबलावर काय बदलेल, याची कल्पना करा.

शाळा आणि ग्रंथालय यांची जोडी काही मी नव्याने सुचवत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पण नुसती शाळा काढून भागत नाही, हातात पुस्तक राहिलं नाही तर शिकलेलं अक्षर विसरलं जातं, हे त्यांनी ओळखलं. मग १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून गावोगाव ग्रंथालयं उभी केली. जिथे ग्रंथालय नाही तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जायच्या. गावाने आपला वाटा जमवला की तेवढीच भर सरकार घालायचं. कोल्हापूर संस्थानाने तर १९४५ मध्ये, स्वातंत्र्याच्याही आधी, ग्रंथालयाचा कायदा केला. पेटीची ती कल्पना आजही चालते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमात पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांमध्ये फिरतात, वाचून झाली की पेटी पुढच्या गटाकडे.

म्हणून माझी आपल्याला विनंती अशी. संच खरेदी यंदा थांबवावी. ४२ मुलांची वर्षाची वर्गणी होते १०,०८० रुपये आणि अनामत ४२०० रुपये, मिळून १४,२८०. प्रत्येक घरामागे ३४० रुपये, त्यातले १०० परत मिळणारे. हे पैसे कुणी वर्गात उभं राहून देऊ नयेत. संघाने एकरकमी भरावेत आणि पालकांनी संघाच्या खात्यात जमेल तसे, जमतील तेवढे टाकावेत. कुणी किती दिले याची यादी फक्त खजिनदारांकडे राहावी. वर्गात प्रत्येक मुलाच्या हातात जाईल ते कार्ड मात्र सगळ्यांचं सारखं असेल.

यादीतली सहा पुस्तकंही हवीच आहेत. ती आपण ग्रंथालयाला भेट देऊ, प्रत्येकी चार प्रती. एका संचाला १४६० धरले तर चार संचांचे ५८४० होतात. एवढं करूनही आपण निम्म्याच्या खूप आत राहतो. त्या चार प्रती ४२ मुलांत आळीपाळीने फिरतील आणि पुढच्या वर्षीच्या सहावीलाही उरतील.

दर महिन्याच्या एका शनिवारी शाळा सुटल्यावर वर्ग ग्रंथालयात न्यावा, असंही मला वाटतं. बालविभागाची खोली लहान आहे, एका वेळी पंधरा मुलं नीट बसतात, त्यामुळे तीन गट करावे लागतील. सोबत यायला मी तयार आहे, आणखी दोन पालकांनी होकार दिला आहे. ग्रंथपाल बाईंशी बोलले तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, ‘शनिवारी चारला उघडते मी, साडेतीनला उघडलं तर चालेल का?’ हे त्यांनी स्वतःहून विचारलं आणि त्याचा जादा मोबदला त्यांना कुणी देणार नाही.

एकच काळजी मला काही आयांनी बोलून दाखवली, ती म्हणजे पुस्तक हरवलं तर. हरवलं तर त्याची किंमत भरावी लागते किंवा तेच पुस्तक आणून द्यावं लागतं. माझ्या मुलीच्या हातून एक पुस्तक पावसात भिजलं. आम्ही ते तसंच नेलं आणि सांगितलं. बाईंनी पानं उलटून पाहिली, दोन दिवस पंख्याखाली ठेवा म्हणाल्या, दंड घेतला नाही. मुलीने त्यानंतर दप्तरात पुस्तकासाठी प्लॅस्टिकची पिशवी ठेवायला सुरुवात केली. तिला मी सांगितलं नव्हतं.

पैसे जमा करण्याची मुदत महिनाअखेर आहे, म्हणून त्याआधी संघाने यावर बैठक घ्यावी. मी सगळे आकडे लिहून आणीन, माझी वहीही आणीन. ज्यांना बैठकीआधीच बघायचं असेल त्यांनी येत्या शनिवारी संध्याकाळी साडेचारला ग्रंथालयात यावं. येताना मुलाला घेऊन या, सोबत मुलाचे दोन फोटो आणि घरच्या पत्त्याच्या पुराव्याची झेरॉक्स आणा. मी काउंटरपाशीच असेन. माझ्या मुलीची ती मैत्रीणही येणार आहे. तिचा अर्ज तिने स्वतः भरला आहे, फक्त पालकांच्या सहीची जागा मोकळी आहे, आणि तिचे बाबा रिक्षा लावून सहीला येतो म्हणाले आहेत.

आपली,
सहावीची एक पालक